सिंगल कॉइल की नॉइजलेस? पिकअप विकण्याआधी भुणभुण कुठून येते ते शोधा

परवाच्या व्हिडिओत एकाच गिटारवर दोन पिकअप सेट आलटून पालटून बसवले, एका मित्राकडून तोच रॉक रिफ दोनदा वाजवून घेतला आणि तुम्हाला विचारलं, साधा कुठला आणि नॉइजलेस कुठला? उत्तर व्हिडिओच्या शेवटी आहेच. पण वायरिंगचं आणि पैशाचं बोलणं व्हिडिओत नीट मावत नाही, म्हणून हा लेख. नांदेड-लातूरसारख्या गावात वाद्यांचं दुकान, गिटार दुरुस्ती किंवा साउंडचं छोटं काम सुरू करायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी हा वाचावा. गिटार वाजवता येत नसेल तरी चालेल. मलाही चार कॉर्डच्या पुढं काही येत नाही.

आधी माझी चूक सांगतो, कारण आजचा धडा तिथूनच निघाला.

नांदेडला दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. लातूरचा एक पोरगा आला. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गणपती, नवरात्र, १४ एप्रिलचे कार्यक्रम, कॉलेजची गॅदरिंग, असं वर्षभर काम. गिटार तीन सिंगल कॉइलवाली, स्ट्रॅटच्या घाटाची. म्हणाला, "भैया, साधं गाणं असलं की ठीक, पण रॉकचं गाणं आलं आणि डिस्टॉर्शनचं पेडल दाबलं की नुसती भुणभुण. गायक माझ्याकडं बघतो." मी दुकानातल्या अँपला गिटार लावली, भुणभुण ऐकली आणि दोन मिनिटांत निकाल दिला: नॉइजलेस पिकअप टाक. १६,५०० चा सेट मागवला, वर ८०० बसवणावळ. दुकानात वाजवून पाहिलं, एकदम शांत. तो खूष, मी खूष.

नवव्या दिवशी फोन. "भैया, हॉलवर आवाज आहेच की. थोडा कमी झालाय, पण आहे. आणि गिटारचा खणखणीतपणा गेला ते वेगळंच."

सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं. हॉलवर जाऊन बघतो तर काय! स्टेजच्या लाइटचा डिमर आणि याचं पेडल एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. त्या बोर्डाची तिसरी पिन कुणीतरी कधीच तोडून टाकलेली. पेडलचा अडॅप्टर रस्त्यावरून घेतलेला. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे गिटारच्या ब्रिजला जाणारी अर्थची वायर सुटलेली. ती मीच सोल्डर केली होती, कच्ची राहिली होती. खणखणीतपणा का गेला, तेही डब्यातला कागद वाचल्यावर कळलं. त्या सेटला ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट लागत होता, मी जुना २५०चाच ठेवला होता.

म्हणजे पोराच्या तीन-चार कार्यक्रमांची कमाई मी अशा दुखण्याच्या औषधात घातली, जे त्याला मुख्यतः नव्हतंच. सेट काढून घेतला, पैसे परत केले, त्याचे जुने पिकअप परत बसवले. वायर नीट जोडली, आतून तांब्याची चिकट पट्टी लावली, चांगला अडॅप्टर दिला आणि लाइटपासून वेगळा, अर्थिंग असलेला बोर्ड घ्यायला लावला. सगळे मिळून ९०० रुपये झाले. तो महागडा सेट मात्र माझ्या कपाटात ११ महिने पडून होता. शेवटी ४,००० तोटा खाऊन विकला.

पिकअप हम का करतो

हे समजून घ्या, कारण गिऱ्हाईक विचारणारच. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये साधारण साडेसात-आठ हजार वेढे असतात. वर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो. शाळेत फॅरेडे शिकलो होतो ना, तोच. अडचण एवढीच की त्या वेढ्यांना हलणारं क्षेत्र गिटारच्या तारेचं आहे की भिंतीतल्या वायरचं, हे कळत नाही. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा जुना चोक, चार्जर, सगळ्यांचं क्षेत्र ते उचलतात.

आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे हम ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा, १००, १५० असा येतो. गंमत बघा, सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी सूर असतो तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे १०० हर्ट्झची भुणभुण गिटारच्या ऐन सुरांच्या मध्ये, जी सुराच्या किंचित वर येऊन बसते. गाणं जी मध्ये असेल तर ती थोडी लपते, जी शार्पमध्ये असेल तर कानाला टोचते. अमेरिकन व्हिडिओत ऐकू येणारा हम ६० हर्ट्झचा असतो, म्हणून तो आपल्यापेक्षा वेगळा वाटतो.

यावर तोडगा काढला गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी. १९५५ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचा चुंबक उलटा आणि वेढेही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरून आलेला हम एकमेकाला मारतो. हाच हमबकर. पण दोन कॉइल तारेचा जास्त रुंद भाग ऐकतात, त्यामुळे वरचे काही बारीक स्वर गळतात आणि आवाज जाड होतो. लेस पॉल गिटारचा भरदार रॉक आवाज बराचसा याचा. फेंडरच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरचा आवाज मात्र धारदार, तीन सिंगल कॉइलचा. हेन्ड्रिक्स त्याच्यावरच वाजवायचा, हमसकट.

नॉइजलेस म्हणजे धार तशीच ठेवून हम घालवायचा प्रयत्न. आकार सिंगल कॉइलचाच, पण आत दुसरी कॉइल दडवलेली. बऱ्याच वेळा ती पहिलीच्या खाली, थरावर थर अशी असते. तारेचा आवाज मुख्यतः वरची कॉइल घेते, हम दोघी घेतात आणि तो कटतो. काही मॉडेलमध्ये दोन अरुंद पात्या शेजारी शेजारी असतात. तो खरं तर लहान अंगाचा हमबकरच, आवाजही तिकडंच झुकतो. दोन्हीवर "नॉइजलेस" लिहिलेलं असतं, म्हणून मागवताना कुठल्या बनावटीचा हे विचाराच.

रॉकला कुठला बरा?

गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारतं आणि आपण दुकानदार इथंच हवेत बोलतो. माझं मत सांगतो. गेन मध्यम असेल, म्हणजे जोरात झणकारलं तर आवाज फाटतो आणि हळू वाजवलं तर स्वच्छ राहतो, तिथं साधा सिंगल कॉइल मला अजून जास्त आवडतो. नखी तारेला लागल्याचा तो पहिला "टक्" त्यात सुटा ऐकू येतो. थराच्या नॉइजलेसमध्ये तो टक् थोडा गोल होतो. चांगल्या सेटमध्ये फरक इतका बारीक असतो की ड्रम आणि बेस सुरू झाल्यावर मंडपातल्या कुणालाच कळत नाही.

पण गेन खूप वाढवला की गणित बदलतं. डिस्टॉर्शन बारीक आवाजाला वर उचलतं आणि मोठ्या आवाजाला दाबतं, त्यामुळे दोन सुरांमधल्या शांततेत हमच मोठा होऊन बसतो. रॉकमध्ये रिफच्या मधली ती शांतता फार महत्त्वाची. अशा वाजवणाऱ्याला नॉइजलेस किंवा सरळ हमबकर. मोठ्या वादकांनीही हेच केलंय. एरिक क्लॅप्टनच्या नावाचं जे स्ट्रॅट १९८८ मध्ये आलं, त्यात लेस सेन्सर हे कमी हमचे पिकअप होते. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या लाल स्ट्रॅटमध्ये बॅटरीवर चालणारे ईएमजी होते. तेव्हा "नॉइजलेस म्हणजे रॉक नाही" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, हे दोन दाखले द्या.

तुलना करून दाखवताना एक पथ्य पाळा. दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. पिकअपची उंचीही सारखी ठेवा. तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर सुरू करा आणि कानानं ठरवा. अल्निको चुंबक फार जवळ नेला तर तो तारच ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर बेसूर होतात. मग गिऱ्हाईक म्हणतं पिकअप खराब.

पाच मिनिटांची तपासणी

आता मुद्द्याचं. लातूरहून परत आल्यापासून माझ्या दुकानात ही तपासणी झाल्याशिवाय कुणालाही पिकअप विकत नाही, पैसे हातात घेऊन आला तरी.

अँप चालू करा आणि त्यातून केबल काढा. नुसता अँपच भुणभुण करत असेल तर गिटारचा दोष नाही. मग केबल लावून गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज आला तर केबल, जॅक किंवा आतली अर्थची जोडणी बघा. पेडल असतील तर सगळी काढून सरळ अँपला जोडा, मग एकेक लावत जा. ज्या पेडलला आवाज वाढतो ते बॅटरीवर चालवून बघा. शांत झालं तर अडॅप्टर चोर.

आता व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि तारांवरून हात काढा, परत ठेवा. हात ठेवल्यावर आवाज बराच कमी होत असेल तर तो वेगळ्या जातीचा आवाज आहे. तो वेढ्यांतून चुंबकीय मार्गानं आलेला नाही. आतल्या उघड्या वायरिंगनं आणि वाजवणाऱ्याच्या अंगानं अँटेनासारखा पकडलेला आहे. याला तांब्याची पट्टी लावून आतली पोकळी झाकणं आणि ती पट्टी अर्थला जोडणं हे औषध. नॉइजलेस पिकअप इथं फारसा कामाला येत नाही. उलट तांब्याची पट्टी ५० हर्ट्झच्या चुंबकीय हमला थांबवत नाही. दोन दुखणी, दोन औषधं. माझी चूक नेमकी इथं झाली होती.

आणि हात ठेवल्यावर झिणझिण्या आल्या तर सगळं लगेच बंद करा. गमतीत घेऊ नका. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. तिसरी पिन तोडलेला बोर्ड असेल, अँपमध्ये गळती असेल आणि गायकानं गिटार गळ्यात घेऊन माइकला ओठ लावला, तर जीव जाऊ शकतो. हम कमी होतो म्हणून पिन तोडायचा सल्ला देणारे आपल्याकडं आहेत. त्यांचं ऐकू नका, तसं काम कुणी सांगितलं तर नाही म्हणा.

शेवटी गिटार मांडीवर घेऊन हळूहळू जागेवर फिरा. एका कोनाला हम वाढतो आणि दुसऱ्या कोनाला जवळजवळ जातो का? जात असेल तर तो खरा चुंबकीय हम, आणि नॉइजलेस याच्यासाठीच आहे. तरी त्याआधी पाच खटक्यांचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर नेऊन बघा. मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर त्या दोन जागी हम आपोआप कटतो. कितीतरी पोरांना हे माहीतच नसतं. फुकटात काम झालं म्हणून उड्या मारत जातात. तुम्हाला वाटेल विक्री गेली. अहो, तोच पोरगा चार जणांना घेऊन येतो.

पैशाचं गणित

आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा नॉइजलेस सेट १६,००० चा आणि त्यात तुम्हाला १२ टक्के सुटतात, म्हणजे १,९२०. बसवणावळ ८०० धरली तर २,७२०. ऐकायला बरं वाटतं. पण असे पाच सेट दुकानात ठेवले तर ७०,००० च्या वर अडकले. आपल्या भागात ते वर्षात किती जातील? रॉक वाजवणारी पोरं आहेत. लातूरला क्लासेससाठी आलेली मुलं गिटार घेऊन येतात, नांदेडला कॉलेजचे बँड होतात. पण त्यातली बहुतेक पाच-सात हजारांच्या गिटारवर वाजवतात. त्या गिटारमध्ये १६,००० चा पिकअप टाकणं म्हणजे लुनाला ट्रकचं टायर.

आता दुसरी बाजू. पट्टी लावणं, जॅक बदलणं, सोल्डर करणं, असं एक काम ९०० चं. सामान २५० गेलं, ६५० उरले, वेळ दोन तास. आठवड्यात अशी चार आली तर २,६०० आणि भांडवल अडकलं शून्य. म्हणून सुरुवात दुरुस्तीच्या टेबलापासून करा. सोल्डरिंग इस्त्री, मल्टिमीटर, तांब्याची पट्टी, चांगले जॅक, २५० आणि ५०० किलोओहमचे पॉट. एवढ्यावर धंदा उभा राहतो. तपासणीचे २०० रुपये घ्या, काम केलं तर त्यातून वळते करा. फुकट तपासलं की लोक सल्ला तुमच्याकडून घेतात आणि माल ऑनलाइन मागवतात. नॉइजलेस हवाच असेल तर निम्मे पैसे आगाऊ घेऊन मागवा.

आणि फक्त गिटारवाल्यांकडं बघू नका. आपल्या मिरवणुकीतला बेंजो आठवा. तो मूळचा बुलबुल तरंग, स्टीलच्या तारांचा आणि खाली पिकअप लावलेला. दोष आणि दुरुस्ती तीच. वर गाडीवर जनरेटर, त्यामुळे भुणभुण तर विचारूच नका. आपल्या लातूरच्या रितेश देशमुखला घेऊन रवी जाधव यांनी २०१६ मध्ये "बँजो" नावाचा सिनेमा काढला, त्यात तो वाजवतो ते हेच वाद्य. लग्नसराई आणि गणपतीच्या महिनाभर आधी बेंजो पार्ट्यांना भेटून या, वाद्यं तपासणीला आणा म्हणावं. मला तर रॉकवाल्यांपेक्षा हे गिऱ्हाईक जास्त नियमित वाटलं.

मागवताना तीन गोष्टींत फसायला होतं. एक, थराचा नॉइजलेस उंच असतो, स्वस्त गिटारची पोकळी उथळ असते. आधी पट्टीनं खोली मोजा, नाहीतर लाकूड कोरायची वेळ येते. दोन, पॉट. कंपनीच्या कागदावर जो आकडा असेल तोच लावा, काही सेटना २५० चालतो, काहींना ५०० लागतो, काहींना १ मेगाओहम. तीन, नुसतं नाव नॉइजलेस आणि आत एकच कॉइल. हे पकडायला सोपं आहे. पिकअप दोन क्लिपांनी अँपला जोडा आणि चालू ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरजवळ धरा. मग साधा सिंगल कॉइल तसाच धरा. दोन्ही सारखेच गुरगुरले तर माल परत पाठवा. आणि जुने पिकअप पिशवीत घालून, वर नाव लिहून गिऱ्हाईकाला द्या, काढण्याआधी वायरिंगचा फोटो घ्या. लातूरच्या पोराचे जुने पिकअप जपून ठेवले होते म्हणून मी वाचलो.

तो पोरगा या जानेवारीत परत आला होता. आता कार्यक्रमांबरोबर घरी रेकॉर्डिंगही करतो, कॉम्प्युटर आणि स्क्रीनपासून हातभर अंतरावर बसून, गेन भरपूर. तपासणी केली. वायरिंग ठणठणीत, अडॅप्टर चांगला, हात ठेवला-काढला तरी फरक नाही. गिटार फिरवली तर हम वर-खाली. खुर्ची फिरवून बसायला सांगितलं, तर म्हणाला, "भैया, खोली आठ बाय दहाची आहे, फिरायला जागा कुठाय?" मग पोकळीची खोली मोजली, निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि थराचा नॉइजलेस सेट मागवला. या वेळी पॉटसकट.